मागाविना कापड

(नभोवाणीवरील भाषण)



कापड म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे माग उभा राहतो. ताणा ताणून बांधलेला आहे, धोटा इकडून तिकडे धावतो आहे, आणि एकेक बाणा ठोकला जाऊन वीतवीत कापड वाढते आहे, असे ते चित्र असते. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे या शहरांतील कित्येक मराठी कुटुंबे तर गिरणीच्या भोंग्यावरच वाढली. तेव्हा मागावाचून कापड होऊ शकते असे कोणी म्हटले तर ते आपणांस चमत्कारिकच वाटावयाचे.

तथापि असे कापड आपल्या पूर्वजांना अपरिचित नव्हते. आपल्या दख्खनात पिंजारी लोक लोकर पिंजून तिचा थर पसरीत, त्यावर पाणी शिंपडीत, आणि तो मळून, थापून, दाबून बुरणूस तयार करीत. त्या बुरणुसाला ना ताणा, ना बाणा. लोकरीचे केस एकमेकांत गुंतून बसत, आणि त्या गुंत्यातूनच वस्त्र उभे राही. आजच्या कारखान्यांतून निघणारे बिनविणीचे कापड, ज्याला त्या व्यवसायात ‘नॉनवोव्हन’ म्हणतात, ते या बुरणुसाच्याच जातीचे होय. फरक एवढाच की लोकरीच्या जागी रसायनापासून काढलेला तंतू आला आणि पिंजाऱ्याच्या हाताच्या जागी यंत्र आले.

या कापडाचा एक मोठा उपयोग ओलावा शोषून घेण्याच्या कामी होतो. तान्ह्या मुलाचा लंगोट, स्त्रियांच्या मासिक पाळीच्या वेळची घडी, अंथरुणास खिळलेल्या वृद्धाखाली घालावयाची गादी, जखमेवरची पट्टी, या साऱ्या वस्तू आज त्याच्या बनतात. विषय थोडा संकोचाचा आहे, याची मला जाणीव आहे. परंतु मी मुलींना शिकविते, आणि या विषयाचा इतिहास वाचीत असता एक गोष्ट माझ्या मनावर ठसली, ती आपल्यापुढे मांडावी असे वाटते. या शोधांच्या मार्गात रसायनशास्त्राच्या अडचणी आल्या, यंत्रांच्या आल्या, पैशाच्याही आल्या. त्या सगळ्या यथावकाश सुटल्या. सर्वांत चिवट अडचण ठरली ती माणसांच्या लाजेची. तिने शोधांना वर्षानुवर्षे दारातच उभे करून ठेवले.

प्रथम आपल्या घरांतील जुनी रीत आठवू या. घरात बाळ जन्मले की जुनेर फाडून लंगोट शिवले जात. दिवसाला दहा-पंधरा लंगोट धुवावयाचे, आणि पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात ते वाळता वाळत नसत. मग शेगडीवर टोपली पालथी घालून तिच्यावर ते सुकवावे लागत. मोठ्या बायकांच्या वाट्यालाही तेच जुनेर येई. ‘कावळा शिवला’ म्हणावयाचे, बाजूला बसावयाचे, आणि वापरलेली वस्त्रे कोणाच्या दृष्टीस पडू नयेत म्हणून अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्याखाली झाकून वाळवावयाची. वस्त्राला ऊन मिळाले नाही म्हणजे त्यात जंतू राहतात आणि रोग उद्भवतात, हे आज आपण जाणतो. म्हणजे अपाय त्या जुनेरात नव्हता. ते उन्हात घालण्याची जी लाज वाटे, तिच्यात होता.

आता परदेशाकडे वळू. इ. स. १९१४ साली अमेरिकेतील किंबर्ली-क्लार्क या कागद बनविणाऱ्या कंपनीचे जेम्स किंबर्ली आणि मूळचे ऑस्ट्रियाचे असलेले रसायनज्ञ एर्न्स्ट माहलर हे युरोपातील कागदाच्या गिरण्या पाहावयास गेले. तेथून परतल्यावर त्यांनी लाकडाच्या लगद्यापासून एक मऊ, सुरकुतीदार, थरांचे शोषक द्रव्य तयार केले. त्यास त्यांनी ‘सेल्युकॉटन’ असे नाव दिले. ते कापसाच्या पाचपट द्रव शोषते आणि त्याचा खर्च मात्र कापसाच्या निम्मा, असे कंपनीचे म्हणणे होते. १९१७ साली अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा सैनिकांच्या जखमा बांधण्यासाठी याचा भरपूर उपयोग झाला. रणभूमीजवळच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या परिचारिकांनी मात्र त्याचा आणखी एक उपयोग आपण होऊन शोधला. पाळीच्या दिवसांत त्या याच्या घड्या वापरू लागल्या. कोणत्याही प्रयोगशाळेने त्यांना हे शिकविले नव्हते.

युद्ध संपले आणि कंपनीने १९२० साली ‘कोटेक्स’ या नावाने अशा घड्या विक्रीस काढल्या. माल उत्तम होता, गरज तर प्रत्येक घरात होती. तरीही खप होईना. दुकानदार पुरुष, आणि त्याच्यापुढे त्या वस्तूचे नाव कसे उच्चारावे, हा स्त्रियांपुढे प्रश्न होता. अखेर दुकानाच्या फळीवर पुडे मांडून शेजारी एक पेटी ठेवण्याची युक्ती निघाली. बाईने यावे, पेटीत नाणी टाकावी, पुडा उचलावा आणि एक शब्दही न बोलता निघून जावे! त्या पेटीने जे साधले, ते त्या द्रव्याच्या गुणांनी एकट्याने साधले नसते.

यानंतरची गोष्ट दोन मातांची आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. इंग्लंडमध्ये व्हॅलरी हंटर गॉर्डन नावाची एका लष्करी अधिकाऱ्याची पत्नी होती. १९४७ साली तिला तिसरे मूल झाले, आणि लंगोट धुण्याच्या कामाला ती विटली. लष्कराकडील हवाई छत्रीचे जुने नायलॉन तिला मिळाले. त्याचा तिने बाहेरचा लंगोट शिवला आणि आत लाकडाच्या लगद्याची व कापसाची घडी बसविली. घडी टाकून द्यावयाची, लंगोट पुसून पुन्हा वापरावयाचा. तो पाहून शेजारणींनीही मागणी केली, आणि घरच्या शिवणयंत्रावर तिने असे चारशेहून अधिक लंगोट शिवून दिले. पुढे चेस्टरफील्ड येथील रॉबिन्सन आणि सन्स या कंपनीने १९४९ पासून ते ‘पॅडी’ या नावाने बनविले. त्याच वर्षी तिला त्याचे पेटंटही मिळाले.

साधारण त्याच सुमारास अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन ही दुसरी माता याच प्रश्नाशी झगडत होती. तिचे वडील व चुलते यंत्रे घडविणारे होते. कारखान्यात खेळतच ती वाढली होती. १९४६ साली तिने स्नानगृहातील पाणी न झिरपणारा पडदा कापला आणि त्याचे लंगोटावरील आवरण शिवले. पुढे तिनेही हवाई छत्रीचे नायलॉन घेतले आणि टाचण्यांच्या जागी दाबाची बटणे लावली, कारण टाचणी बाळाला टोचते. कारखानदारांनी तिला वाटेला लावले. अशा वस्तूची मागणी आजवर एकाही बाईने केलेली नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. तेव्हा तिने स्वतःच ते आवरण बनविण्यास आरंभ केला. १९४९ साली न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दुकानात ते विक्रीस आले, १९५१ साली पेटंट मिळाले, आणि ते हक्क तिने १० लाख डॉलरला विकले. त्यानंतर संपूर्ण कागदी, एकदा वापरून टाकून द्यावयाचा लंगोट करावा अशी तिची कल्पना होती. ती घेऊन ती पुन्हा कारखानदारांकडे गेली, आणि पुन्हा रिक्त हस्ताने परतली. पुढे तिने येल विद्यापीठातून वास्तुशास्त्राची पदवी घेतली, तीही १९५८ साली, वयाच्या चाळिशीत. आपल्यातील ज्या भगिनींना आता शिकण्याचे वय राहिले नाही असे वाटते, त्यांनी हे ध्यानात ठेवावे.

एका तिसऱ्या स्त्रीचे नाव येथे घेतलेच पाहिजे. मेरी केनर ही अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्री. वॉशिंग्टन शहरी ती फुलांचे दुकान चालवी. घडी जागच्या जागी राहावी असा एक पट्टा तिने योजला आणि १९५६ साली त्याचे पेटंट मिळविले. एका कंपनीने उत्साहाने तो घेण्याची इच्छा दर्शविली. कंपनीचा माणूस भेटावयास आला, शोध लावणारी बाई कृष्णवर्णीय आहे हे त्याने पाहिले, आणि कंपनीचा उत्साह मावळला. पुढे मागील बाजूस चिकटद्रव्य असलेल्या घड्या निघाल्या आणि पट्ट्याची गरजच उरली नाही. केनरला त्या शोधातून धन मिळाले नाही. तरीही तिने पुढे आणखी वस्तू शोधून एकंदर पाच पेटंटे मिळविली.

आतापर्यंतची कहाणी घरात बसून शोध करणाऱ्यांची झाली. आता नोकरीत राहून, पगार घेऊन, गटाने शोध करणाऱ्यांकडे येऊ. व्हिक्टर मिल्स हे असे एक गृहस्थ. जन्म १८९७ चा. रसायन अभियांत्रिकीची पदवी घेऊन १९२६ साली ते प्रॉक्टर अँड गॅम्बल या कंपनीत शिरले आणि सारी हयात तेथेच घालविली. साबण अखंड प्रवाहाने तयार करण्याच्या पद्धतीत त्यांचा हात होता, केकच्या तयार पिठातही होता. १९५७ साली त्यांच्या कंपनीने कागदाची एक गिरणी विकत घेतली. त्या कागदाचे करावयाचे काय, हा प्रश्न आला, तेव्हा नातवाचे लंगोट बदलण्याचा कंटाळा असलेल्या या आजोबांनी आपल्या हाताखालच्या मंडळींना टाकाऊ लंगोटाच्या कामाला जुंपले.

पहिला प्रयोग टेक्सासमधील डॅलस येथे झाला आणि फसला. लंगोटावर प्लास्टिकची चड्डी होती. टेक्सासच्या उन्हाळ्यात मुलांचे अंग उकडून निघू लागले. ती चड्डी काढून टाकून नवा नमुना केला. १९६१ साली इलिनॉय राज्यातील पेओरिया या गावी तो विक्रीस ठेवला. नाव ‘पँपर्स’. आयांना तो आवडला, परंतु एका लंगोटाला १० सेंट किंमत त्यांना परवडेना. मग यंत्र अधिक वेगाने चालवावे, माल अधिक निघावा आणि किंमत उतरावी, यासाठी पुन्हा खटाटोप झाला; तेव्हा कोठे सुमारे ६ सेंटला तो देता येऊ लागला आणि खप वाढला. थोर कल्पना आणि बाजारात परवडणारी वस्तू यांच्यामध्ये यांत्रिक अभियंत्याची मेहनत उभी असते, हे या प्रसंगावरून दिसते. आज एकेक यंत्र मिनिटाला शेकडो लंगोट तयार करते. लगदा, कापड, रबर, चिकटद्रव्य यांचे निरनिराळे पट्टे एकाच वेळी धावत येतात, एकमेकांवर बसतात, कापले जातात, घडी होऊन पुड्यात जातात. त्यातला एक पट्टा केसभर सरकला तरी सगळा माल वाया जातो.

आता हे कापड होते कसे, ते पाहू. आपल्या स्वयंपाकघरातला सोऱ्या सर्वांना माहीत आहे. पीठ भरून दाबले की चकतीच्या भोकांतून शेव पडते. पॉलीप्रॉपिलीन नावाच्या प्लास्टिकचे दाणे वितळवून ते अशाच एका चकतीतून दाबतात. मात्र भोके हजारो असतात आणि अतिशय बारीक. खाली पडणाऱ्या तंतूंना वेगवान हवा ताणते, ते सरकत्या पट्ट्यावर अस्ताव्यस्त पसरतात, आणि तो थर तापलेल्या रुळांतून गेला की ठिकठिकाणी ठिपक्याठिपक्यांनी चिकटून कापड होते. दुसऱ्या एका पद्धतीत गरम हवेचा झोत इतका जोराचा असतो की तंतू जत्रेतील म्हातारीच्या केसांसारखे तलम होतात. ही दुसरी पद्धत १९५०च्या दशकात अमेरिकन नौदलाच्या प्रयोगशाळेत व्हॅन वेंटे यांनी विकसित केली, आणि तिचा हेतू होता वातावरणातील किरणोत्सारी कण पकडण्याचा! ज्या पॉलीप्रॉपिलीनचे हे तंतू काढतात, ते इटलीतील ज्युलिओ नात्ता यांनी १९५४ साली तयार केले, आणि त्या क्षेत्रातील कार्याबद्दल १९६३ साली कार्ल झीगलर यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. लंगोटाच्या एका पदरात नोबेल पारितोषिकाचे ज्ञान आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

लंगोटाचे पदर तरी किती! वरचा पदर बिनविणीच्या कापडाचा. त्यातून ओलावा खाली जातो आणि त्वचा कोरडी राहते. त्याखाली ओलावा झटकन पसरविणारा पदर. मध्ये गाभा. तळाशी पाणी न सोडणारा, परंतु वाफ बाहेर जाऊ देणारा पापुद्रा. आणि या गाभ्यातच सर्वांत आश्चर्याची गोष्ट दडलेली आहे.

उन्हाळ्यात आपण सब्जा भिजत घालतो. इवलेसे बी पाणी पिऊन फुगते आणि त्याभोवती बुळबुळीत गर जमतो. गाभ्यात जी पांढरी भुकटी असते ती या सब्जासारखीच वागते. तिच्या कणांत लांब साखळ्यांसारखे रेणू गुंडाळी करून बसलेले असतात आणि त्यांना सोडियमचे कण जोडलेले असतात. पाणी लागले की सोडियम सुटा होतो, साखळीवर उरलेले ऋण भार एकमेकांना दूर लोटतात, गुंडाळी उलगडते आणि पाणी आत ओढले जाते. साखळ्या एकमेकींना जागोजाग जोडलेल्या असल्यामुळे त्या विरघळत मात्र नाहीत. सर्वांचा मिळून गर बनतो, आणि तो दाबला तरी सहसा पाणी सोडीत नाही. शुद्ध पाणी ही भुकटी आपल्या वजनाच्या शेकडो पट शोषते. मूत्रात क्षार असतात, त्यामुळे तेथे हे प्रमाण सुमारे ३० ते ५० पटींवर येते. तेही कापसाच्या मानाने पुष्कळच झाले, कारण कापूस पिळला की पाणी सोडून देतो.

या भुकटीचे मूळ शोधू गेले तर अनेक माणसे भेटतात. १९६६ साली जॉन्सन अँड जॉन्सनचे कार्लाइल हार्मन आणि डाऊ कंपनीचे बिली जीन हार्पर या दोघांनी वेगवेगळे राहून जवळजवळ एकच कल्पना पेटंटासाठी नोंदविली. दुसऱ्या बाजूस अमेरिकन कृषिखात्याच्या प्रयोगशाळेत मक्याच्या पिठापासून असेच अतिशोषक द्रव्य निघाले. ते १९७६ च्या सुमारास प्रसिद्धीस आले, आणि जॉर्ज फँटा, मेरी ऑलिडीन वीव्हर प्रभृती शास्त्रज्ञांची नावे त्याच्याशी निगडित आहेत. ही प्रयोगशाळाही त्याच पेओरिया गावी होती, हा एक मौजेचा योगायोग! त्या मंडळींचा रोख शेतीकडे, म्हणजे बी आणि माती ओलसर ठेवण्याकडे होता. ते द्रव्य स्त्रियांच्या घडीत आणि बाळाच्या लंगोटात आणण्यात १९७०च्या दशकाच्या अखेरीपासून जपानी कंपन्यांनी पुढाकार घेतला. गाभा पातळ झाला, आणि पूर्वी उशीएवढा दिसणारा लंगोट खिशात मावू लागला. हार्मन, हार्पर, वीव्हर ही नावे कोणत्याही पुड्यावर छापलेली नसतात. नोकरीतील संशोधकाच्या वाट्याला कीर्ती थोडी येते. परंतु त्याच्या कामामुळे कोट्यवधी माता रात्री चार घटका अधिक झोपतात, हे समाधान काही लहान नव्हे.

आपल्या देशात या कहाणीने निराळेच वळण घेतले. कोइंबतूरजवळचे अरुणाचलम मुरुगानंतम यांचे वडील हातमागावरचे विणकर. ते अपघातात वारले आणि मुलाची शाळा चौदाव्या वर्षी सुटली. १९९८ साली लग्न झाल्यावर, पत्नी शांती पाळीच्या दिवसांत मळकट चिंध्या वापरते, हे त्यांच्या ध्यानी आले. विकतच्या घड्या आणल्या तर घरच्या दुधाचे पैसे उरत नाहीत, असे तिने सांगितले. तेव्हा त्यांनी स्वतःच घडी करावयास घेतली. कापसाच्या घड्या फसल्या. विकतच्या घडीत कापूस नसून पाइन लाकडाचा लगदा असतो, हे कळावयास त्यांना दोन वर्षांहून अधिक काळ लागला. वापरून पाहावयास कोणी स्त्री तयार होईना, म्हणून चेंडूच्या रबरी पिशवीत बकऱ्याचे रक्त भरून ती त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधली. गावाने वेडा ठरविले, पत्नी माहेरी गेली, आईही सोडून गेली. विचार करा, हा मनुष्य कोणते पाप करीत होता? पुरुषाने ज्याचा उच्चारही करू नये असे मानले जाते, त्या गोष्टीचा तो अभ्यास करीत होता, एवढेच!

पुढे त्यांचे लहानसे, स्वस्त यंत्र तयार झाले. लगदा पिंजावा, साच्यात दाबावा, कापडात गुंडाळावा आणि निर्जंतुक करावा, एवढीच त्याची कामे, आणि खेड्यातील स्त्रिया ती सहज शिकतात. २००६ साली मद्रासच्या आयआयटीत त्या यंत्राला मान्यता लाभली. पत्नीही परत आली. २०१६ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. विणकराच्या मुलाने बिनविणीच्या वस्तूवर आयुष्य घालविले! आज ठिकठिकाणचे बचतगट असा उद्योग करतात; गोव्यात डिचोली तालुक्यातील स्त्रियांनीही तो केला आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे आकडेही बोलके आहेत. १५ ते २४ वर्षे वयाच्या ज्या स्त्रिया पाळीच्या वेळी आरोग्यास योग्य अशी साधने वापरतात, त्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५८ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते सुमारे ७८ टक्के झाले. २०१८ साली या घड्यांवरील जीएसटीही रद्द झाला. असे असले तरी, शंभरांतील बावीसजणींचा प्रश्न तेव्हाही शिल्लकच राहिला होता, आणि त्यांतील कित्येक कोणत्या ना कोणत्या शाळेच्या पटावर असणार, हे आम्हां शिक्षकांना विसरता येत नाही.

पालकांना आता दोन शब्द सांगते. मुलगा किंवा मुलगी विज्ञान शाखेला गेली की वैद्यकी नाही तर संगणक, याशिवाय तिसरी वाट आपणांस दिसत नाही. या व्यवसायात रसायनज्ञ लागतात, वस्त्र-अभियंते लागतात, यंत्रांचे जाणकार लागतात, त्वचेवरील परिणाम तपासणारे आणि जंतुशास्त्र शिकलेले लागतात, पेटंटाचा कायदा जाणणारेही लागतात. शिक्षणाची सोयही दूर नाही. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत केंद्र सरकारच्या योजनेखाली बिनविणीच्या कापडाचे खास केंद्र उभारले गेले आहे. बेळगावकरांना ते आपल्या अंगणातलेच म्हणावे लागेल. सयाजीराव महाराजांनी १८९० साली बडोद्यास स्थापिलेल्या कलाभवनाचा वारसा सांगणाऱ्या तेथील विद्यापीठात वस्त्र-अभियांत्रिकी शिकवितात. मुंबईस माटुंग्याची व्हीजेटीआय आहे, अहमदाबादेस १९४७ सालची अटिरा ही संशोधनसंस्था आहे. अधिक पुढे जावयाचे असेल तर अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात केवळ याच विषयाला वाहिलेली संस्था आहे. गिरण्यांचे भोंगे बंद पडले म्हणून वस्त्रविद्या संपली असे समजू नये. तिने रूप पालटले आहे.

कोणी म्हणेल, मुलाने आपण काय करतो म्हणून लोकांना सांगावयाचे? लंगोट करतो म्हणून? त्यांना मी २०२० सालची आठवण देईन. करोनाच्या साथीत आपल्यापैकी अनेकांनी नाकातोंडावर जे मुखवटे बांधले, ते याच जातीच्या कापडाचे होते. त्यातील तलम पदरावर विद्युतभार चढवून सूक्ष्म कण पकडण्याची जी पद्धत प्रसिद्ध आहे, तिच्यावर टेनेसी विद्यापीठातील पीटर त्साय यांनी पुष्कळ वर्षे काम केले होते. ते निवृत्त झाले होते, तरी साथ येताच पुन्हा कामास लागले आणि ते मुखवटे निर्जंतुक करून परत कसे वापरता येतील याचा शोध घेऊ लागले. त्या दिवसांत त्या कापडाची लाज कोणालाच वाटली नाही.

आता उरलेला प्रश्न, आणि तो सर्वांत अवघड आहे. वापरलेला लंगोट किंवा घडी टाकून दिली म्हणजे नाहीशी होत नाही. प्लास्टिकचे तंतू आणि ती शोषक भुकटी लवकर कुजत नाहीत. शिवाय आपण ती वस्तू कागदाविना, तशीच कचऱ्यात लोटतो, आणि मग कोणीतरी कचरावेचक भगिनी ती उघड्या हातांनी निवडते. पुण्यातील ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने याविरुद्ध आवाज उठविला; वापरलेल्या घड्या सरळ कंपन्यांकडे परत पाठविण्यापर्यंत त्यांची मजल गेली. २०१६ च्या घनकचरा नियमांत, बनविणाऱ्यांनी अशा वस्तूबरोबर गुंडाळून टाकण्यासाठी वेष्टन द्यावे, असे सांगण्यात आले. वर्तमानपत्रात नीट गुंडाळून त्यावर तांबडी खूण करावयाची, ही साधी रीत तर कोणत्याही घराला पाळता येण्यासारखी आहे. लाज वाटावयाचीच असेल तर आपली घाण दुसऱ्याच्या हाती उघडी देण्याची वाटावी.

या कोड्याचे उत्तर कदाचित आपल्या बांधावरच उगवत असेल. अहमदाबादेतील ‘साथी’ या कंपनीने केळीच्या सोपटातील धाग्याच्या घड्या काढल्या आहेत. स्टॅनफर्ड विद्यापीठात मूळचे भारतीय असलेले मनू प्रकाश आणि त्यांचे सहकारी यांनी घायपाताच्या पानांतील तंतूंपासून भुसभुशीत शोषक द्रव्य बनविले. विकतच्या घड्यांतील कापसापेक्षाही ते अधिक शोषते, असे २०२३ साली त्यांनी दाखवून दिले. घायपात! ज्याचे आपण शेताला कुंपण करतो आणि ज्याच्या वाखाचे दोर वळतो, तोच हा घायपात. चांगले शोषणारी, गरिबाला परवडणारी आणि मातीत मिसळून जाणारी घडी या तीनही गुणांनी परिपूर्ण अशी अद्याप घरोघर पोहोचलेली नाही. ती ज्या दिवशी पोहोचेल तो दिवस आणणारी मुलगी आज बेळगाव, इंदूर किंवा म्हापसे येथील एखाद्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेली असेल. मनात आलेला प्रश्न मोठ्याने विचारण्याची तिला लाज वाटू नये, एवढी व्यवस्था आपण, आईबापांनी आणि शिक्षकांनी, केली पाहिजे. पुढचे ती पाहून घेईल.